फॉरवर्ड करण्यापूर्वी : कालाम सुत्त आणि आजचा विद्यार्थी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच माणसांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते आणि सोलापूर जिल्ह्यातून आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश तेव्हा मोबाईलवरून सर्वत्र पसरत होते. आठवडी बाजारात अनोळखी चेहरे दिसले आणि अफवेलाच पुरावा मानले गेले. त्या सुमारास देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीमध्ये बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात, असा तिचा आशय. परत आणून सोडण्याचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि सावधगिरीचा संदेश खुनाचे निमित्त झाला.

अशा अफवांचे बळी कोण ठरतात, हेही विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. ज्याला गाव नाही, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याच्यावर संशय प्रथम येतो. म्हणून माध्यम साक्षरता हा संगणकाच्या तासापुरता विषय नाही. तो समतेचा आणि मैत्रीचा विषय आहे.

कालामांचा प्रश्न

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तामध्ये हाच पेच आढळतो. केसपुत्त नगरीचे कालाम तथागतांना सांगतात की, येथे अनेक आचार्य येतात, आपले मत थोर म्हणतात आणि दुसऱ्याचे तुच्छ लेखतात. मग खरे कोणाचे मानावे? तथागत त्यांच्या शंकेला दोष देत नाहीत. शंका येणे योग्यच आहे, असे ते म्हणतात. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपल्या गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका, हा त्या उपदेशाचा आशय. पुढची कसोटी अधिक मोलाची आहे : या गोष्टीतून लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की कमी होतो?

खोटे संदेश नेमके येथेच घाव घालतात. मोफत लॅपटॉपचा संदेश लोभाला हाक देतो, एखाद्या समाजाविरुद्धचा संदेश द्वेषाला आणि चमत्कारी औषधाचा संदेश मोहाला. वाचता वाचता मन उसळले, तर तेथेच बोट थांबवावे.

इतिहासाची शिस्त

इतिहासाचा अभ्यासक साधनाची चिकित्सा केल्याशिवाय विधान करीत नाही. तीच शिस्त आम्ही वर्गात चार प्रश्नांत मांडतो. हे मूळ कोणी सांगितले? केव्हा आणि कोठे? यातून काय वगळले आहे? दुसरे स्वतंत्र साधन याला दुजोरा देते काय? येथे ‘स्वतंत्र’ या शब्दावर भर द्यावा लागतो. एकच मजकूर दहा गटांत आला, तर ती दहा साधने होत नाहीत. साधन एकच राहते. छायाचित्र गुगल लेन्समध्ये टाकून ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे सातवीचा विद्यार्थीही शोधू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने माणसाचा आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवता येतो, त्यामुळे ‘मी डोळ्यांनी पाहिले’ एवढे सांगणेही आता पुरेसे नाही.

खरी परीक्षा मात्र पुढेच असते. विरोधकाचे खोटे पकडणे सोपे असते. आपल्याला आवडणारे विधान तपासणे अवघड. याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनी घालून दिला आहे. १९४६ साली प्रसिद्ध झालेला ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ त्यांनी महात्मा जोतीराव फुले यांना अर्पण केला. आर्य बाहेरून आले, हा विचार फुल्यांच्या मांडणीत महत्त्वाचा होता. तरीही बाबासाहेबांनी पाश्चात्त्य पंडितांचा आर्यवंशाचा सिद्धान्त वेदांतील मूळ उल्लेखांशी ताडून पाहिला आणि त्याच ग्रंथात तो नाकारला. गुरूविषयीचा आदर आणि पुराव्याविषयीची निष्ठा एकत्र नांदू शकतात, हे यातून विद्यार्थी शिकतो.

आपल्या घरची गोष्टही तपासावी. १९४२ च्या नागपूर परिषदेतील बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात शिक्षणानंतर चळवळ आणि त्यानंतर संघटन असा क्रम आहे. आपल्या प्रचलित घोषणेत संघटन आधी येते आणि संघर्ष शेवटी. यात कोणाचा वाईट हेतू नाही, पण पुनरुक्तीने शब्द कसे बदलतात ते दिसते. मग जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली येणारे प्रत्येक वाक्य त्यांचेच कसे मानावे? त्यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. वाक्य कोणत्या खंडातील, हे विचारणे म्हणजे अनादर नव्हे. तो खरा आदर होय.

घर आणि वस्ती

वसतिगृहातील विद्यार्थी सुटीत घरी जातो, तेव्हा अनेक कुटुंबांत तोच घराचा वाचक असतो. आजी मोबाईल पुढे करून विचारते, “बाळा, हे खरं आहे का रे?” तो जे सांगेल त्यावर घर विश्वास ठेवते. शिष्यवृत्तीची लिंक शासनाच्या ‘डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावरची आहे काय, हे पाहण्याची सवय त्याच्यामुळे घराला लागते. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि ऑनलाईन फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हेही त्यानेच घरात रुजवावे.

पालकांनी त्याला ‘मोठ्यांना शिकवू नकोस’ असे म्हणू नये. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गटांत एक नियम करावा : ज्याचे मूळ ठाऊक नाही, ते पुढे पाठवायचे नाही, आणि चुकीचे काही गेलेच, तर दुरुस्तीही त्याच गटात द्यायची. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी हवा होता तो असा एक शांत प्रश्न. तो विचारणारी मुले घडवणे हे आपल्या शाळेचे काम आहे.