लोणारची धार

मेहकरहून लोणारकडे जाणारा प्रवासी बराच वेळ सपाट रानातून चालत असतो. दोन्ही बाजूंस काळी जमीन, ज्वारी, तूर आणि कपाशी यांची शेते, मधूनच एखादे बाभळीचे झाड. पुढे काही नवल वाढून ठेवले असेल, अशी पुसटशी सूचनाही ती भूमी देत नाही. लोणार गाव मागे टाकून तो थोडा पुढे जातो, आणि पायांखालची जमीन एकाएकी संपते. समोर एक अजस्र वाडगा पसरलेला असतो. त्याच्या उभ्या उतारांवर दाट झाडी असते आणि तळाशी निश्चल पाण्याचे वर्तुळ असते. हेच बुलढाणा जिल्ह्यातील जगप्रसिद्ध लोणार सरोवर होय. विवराचा व्यास सुमारे १८३० मीटर आहे आणि काठापासून पाण्यापर्यंतचा उतार जवळजवळ दीडशे मीटरांचा आहे.

परंतु पूर्वीचा यात्रेकरू येथे येई, तो विवर पाहावयास नव्हे. तो येई धारेवर स्नान करावयास. विवराच्या ईशान्येकडील काठावर, खडकात पडलेल्या एका घळीच्या माथ्याशी, गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो. लोक त्यास नुसते ‘धार’ म्हणतात. भोवती काळ्या दगडांची जुनी देवळे, कुंड आणि घडीव पायऱ्या आहेत. जवळच ‘सीतान्हाणी’ नावाचा दुसरा झरा आहे. वनवासात सीतेने तेथे स्नान केले, अशी लोकांची श्रद्धा.

बैलगाडीच्या काळात दूरच्या खेड्यातील कुटुंब येथे आले म्हणजे त्यांचा अख्खा दिवस धारेच्या सोबतीने जाई. गाड्या सुटत, बैलांपुढे कडबा पडे आणि पहाटेच्या गारव्यातच वडीलधारी मंडळी पायऱ्या उतरू लागत. हिवाळ्याचे दिवस असले तर मुले काठावरच अंग चोरून उभी राहत. पण एकदा का धारेखाली डोके गेले की ती बाहेर निघण्याचे नाव घेत नसत. कारण थंडीत हे पाणी कोमट वाटे! उन्हाळ्यात मात्र तेच पाणी गार लागे. मुलांना ही देवाची किमया वाटे. खरे पाहता भूमीच्या पोटात खोलवर राहणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे पालटत नाही. पालटते ती बाहेरची हवा, आणि आपले अंग त्या हवेशी तुलना करून पाण्यास गार किंवा ऊन ठरविते.

वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा कोकणातील उन्हवरे येथे जमिनीतून कढत पाणी उसळते आणि गंधकमिश्रित पाण्याने अंगदुखी थांबते म्हणून लोक तेथे जातात. इंग्लंडमधील बाथ या गावी तर रोमन लोकांनी ऊन झऱ्याभोवती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी प्रशस्त स्नानगृहे उभारली होती. लोणारची धार तशी नाही. ती ऊनही नाही आणि खारटही नाही. तिचे सारे वैशिष्ट्य तिच्या शेजाऱ्यामुळे आहे. गोड पाण्याचा हा झरा ज्या सरोवराकडे धावतो, ते सरोवर मात्र खारट आणि अल्कधर्मी आहे.

स्नान, देवदर्शन आणि भाकरी-ठेचा आटोपल्यावर मंडळी विवराच्या तळाकडे निघत. वाट झाडीतून उतरते. मोरांचा केका ऐकू येतो. जसजसे पाणी जवळ येते तसतसा कुजक्या अंड्यासारखा एक उग्र वास नाकात शिरतो. तो चिखलात कुजणाऱ्या पदार्थांतून निघणाऱ्या वायूचा. सरोवराचे पाणी बोटांस साबणासारखे बुळबुळीत लागते. काठाशी कमळजादेवीचे देऊळ आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. देवळाजवळ एक विहीर आहे, तिला लोकांनी ‘सासूसुनेची विहीर’ असे नाव दिले आहे. तिच्यातील एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट असल्याचे सांगतात. सासू कोणती आणि सून कोणती, हा वाद मात्र प्रत्येक घरात निराळ्या रीतीने मिटतो.

गोडे पाणी मिळत असता सरोवर खारट कसे? पुराणकथेला याचे उत्तर ठाऊक होते. येथे लवणासुर नावाचा दैत्य भूमिगत गुहेत राहत असे. विष्णूने त्याच्या निवासावरील झाकण दूर भिरकावून त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध देऊळ त्याच कथेची आठवण ठेवून उभे आहे. विज्ञानाने दिलेले उत्तरही कमी अद्भुत नाही. दख्खनच्या पठारावरील काळा खडक लाव्हारसाचा बनलेला आहे. त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून पावसाचे पाणी मुरते. वाटेत कठीण थर आडवा आला की ते बाजूने वाट काढते आणि विवराच्या कापलेल्या कडेतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. खडकातून येताना ते थोडे क्षार बरोबर आणते. इतके थोडे की जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही. पण विवराला एकही मुख नाही. येथे आलेले पाणी ओढ्याने पुढे नदीला मिळत नाही. ते उन्हाने आटते, वाफ होऊन निघून जाते, आणि क्षार मात्र मागे राहतात. हजारो वर्षे हाच व्यवहार चालला. म्हणून उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर पांढऱ्या क्षारांची साय धरे. लोक ती गोळा करीत. त्या क्षारांस दल्ला, खुप्पल, पापडी अशी निरनिराळी नावे होती. साबण आणि काच यांसाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, ही गोष्ट अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही आली आहे.

हे विवर झाले कसे, यावर विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. भोवती सगळा लाव्हेचाच खडक, तेव्हा हे ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेकांना वाटे, आणि त्यांत वावगे काही नव्हते. पुढे तळात खोल छिद्रे घेऊन खडकांचे नमुने काढण्यात आले. प्रचंड आघातावाचून बनू न शकणारी काच त्यांत आढळली. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि आकाशातून कोसळलेल्या अशनीने हे विवर खणले, हे मत दृढ झाले. त्याच्या वयाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. एका मापनाने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसऱ्या, पुढच्या काळातील मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे!

ज्या गुणामुळे हे सरोवर असे बनले, त्याच गुणात त्याचे संकटही आहे. जेथून पाणी बाहेर जात नाही, तेथून मळही बाहेर जात नाही. धारेवर पूर्वी नुसते स्नान होई. पुढे साबणाच्या वड्या आल्या, कपड्यांची बोचकी आली, आणि तो फेस घळीतून थेट खाली उतरू लागला. धारेच्या पाण्यावर विवरात एके काळी शेतीही होई. तिच्या खतांचा अंश त्याच वाटेने गेला. या क्षारमय पाण्यात जे सूक्ष्म जीव राहतात, ते साध्या तळ्यात टिकत नाहीत. पाण्याची घडण पालटली तर त्यांना दुसरीकडे जाण्यास जागा नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. गावात तर्कांना ऊत आला. कोणी कोप म्हटले, कोणी विष म्हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे दिसले. पाऊस कमी आणि ऊन कडक, त्यामुळे पाणी आटून क्षार दाट झाले होते व या जीवांची वाढ झाली होती. प्रयोगशाळेत ठेवलेल्या नमुन्यांतील गुलाबी जीव काही काळाने तळाशी बसले आणि वरचे पाणी पुन्हा नितळ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. सरोवराचा परिसर त्याआधीच, २००० साली, वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता.

दुपार कलली म्हणजे विवरात सावली लवकर उतरते. पश्चिमेचा काठ उंच असल्यामुळे वर शेतांत अजून ऊन असतानाच तळाशी संध्याकाळ होते. परतणारे यात्रेकरू चढ चढून दमत, धारेपाशी थांबत, हातपाय धुत आणि वाटेसाठी तांबे भरून घेत. गोमुखातले पाणी त्यांच्या ओंजळीतून निसटून पायऱ्यांवर पडे आणि अंधारू लागलेल्या घळीतून खालच्या खाऱ्या पाण्याकडे जाई.