शिवसुमन

शिवनेरीच्या पायऱ्या चढणाऱ्यांची दृष्टी गडाच्या दरवाजांकडे, तटबुरुजांकडे आणि शिवजन्माच्या वास्तूकडे लागलेली असते. त्याच गडाच्या उभ्या कातळावर, बोटभर फटीत मुळे रोवून एक लहानशी वनस्पती वाढते, याची कल्पना फार थोड्यांना असते. तिचे नाव शिवसुमन. पुणे, सातारा आणि आसपासच्या जिल्ह्यांतील काही मोजके डोंगर सोडले, तर ती जगात अन्यत्र कोठेही आपोआप उगवत नाही.

ऐन उन्हाळ्यात तिला पाहिले, तर ती जिवंत आहे असेही वाटू नये. पाने गळून गेलेली असतात आणि बोटासारख्या मांसल कांड्या तेवढ्या कातळाला बिलगून राहिलेल्या असतात. परंतु पावसाळ्यात मिळालेले पाणी या कांड्यांनीच जपून ठेवलेले असते आणि पाने नसताना अन्न तयार करण्याचे कामही त्याच करतात. मृगाच्या सरी कोसळल्या, की कांड्यांना जाडसर हिरवी पाने फुटतात. तिच्याच कुळातील माकडशिंगीला अशी ठळक पाने नसतात. हे वैभव शिवसुमनाचेच! पुढे श्रावण-भाद्रपदात तांबूस किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची फुले उमलतात.

निकोलस डॅल्झेल या वनाधिकाऱ्याने १८६५ च्या सुमारास या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया' हे नाव दिले. गव्हर्नरसाहेबांचा कारभार १८६७ साली संपला; नाव मात्र फुलाला चिकटून राहिले. मराठी माणसाला 'शिवसुमन' हेच नाव अधिक गोड वाटावे, यात नवल ते काय?

या वनस्पतीच्या रसाळ कांड्या शेळ्यामेंढ्या आवडीने खातात. डोंगरउतारावर वणवा लागला, की गवताबरोबर तीही होरपळते. कधी दरड कोसळून मुळांखालचा आधारच निघून जातो. दुर्मिळ म्हणून तिला उपटून नेणारे हौशी लोकही आहेत. म्हणून जेथे शेळीचे तोंड आणि माणसाचा हात पोहोचत नाही, अशा कड्यांवरच ती मुख्यतः टिकून राहिली आहे.

वास्तविक तिची कांडी तोडून कुंडीत लावली, तर ती सहज रुजते. परदेशांतील काचगृहांतही ती वाढविली जाते. मग ती संकटात आहे, असे का म्हणावे? कांडीपासून झालेले रोप म्हणजे मूळ झाडाचीच नक्कल होय. दोन निरनिराळ्या झाडांच्या संयोगातून जे बी धरते, त्यातून उगवणारे रोप मात्र थोडे वेगळे असते. एखादा नवा रोग आला किंवा पावसाने ओढ दिली, तर अशा वेगळ्या रोपांपैकी एखादे तग धरू शकते. हे बी धरण्यासाठी फुलावर माश्या याव्या लागतात आणि जवळपास दुसरे झाड फुललेले असावे लागते. झाडे विरळ झाली, की हा योग दुर्मिळ होतो.

तो जुळून आला, तर शेंग धरते. शेंग उकलल्यावर रेशमी केसांचा तुरा असलेले बी वाऱ्यावर स्वार होते आणि कड्याच्या कडेने तरंगत, चिमूटभर माती असलेली एखादी फट शोधीत जाते.