संत्रं, मातीचा बैल आणि जामसावळी

लोधीखेड्याच्या एका आईचा प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला मोबाइलऐवजी कशात रमवावं?

उत्तर : सौंसरचा पट्टा संत्र्यांचा, सुरुवात तिथूनच करावी. साल काढणं, फोडी सुट्या करणं यात चिमुकली बोटं छान कामाला लागतात. बिया मात्र मोठ्यांनी काढाव्यात, त्या घशात अडकू शकतात. सुरी नकोच.

पोळ्याच्या आठवडाभर आधी ओल्या मातीचा बैल करायला बसवावं, म्हणजे तो सावलीत नीट वाळतो. शिंगं वाकडी झाली तरी आईबाबांनी सरळ करू नयेत. बैल तिचा आहे! झूल म्हणून रंगीत चिंधी पुरते. तान्ह्या पोळ्याला तो मिरवावा. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते, तिकडे लहानग्यांना मुळीच नेऊ नये.

सहलीसाठी जामसावळीचा निजलेला हनुमान आहेच. सकाळी निघावं, ऊन चढण्याआधी परतावं.