रंगाचे पाणी पोटात गेले तर?

फुलंब्रीच्या एखाद्या घरातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. ताई एलिमेंटरी परीक्षेसाठी स्थिरचित्र रंगवीत ओसरीवर बसली आहे. शेजारी कुंचले धुण्याचा पेला. पाणी छान जांभळे झालेले. ती आत जाते न जाते तोच तीन वर्षांचा धाकटा पेला तोंडाला लावतो, वर पेटीतली एक लाल वडीही चावतो. आता एकच गोंधळ उडतो. कोणी म्हणते, घशात बोट घालून ओकायला लावा. आजी म्हणतात, मिठाचे पाणी पाजा. तिसऱ्याला दूध आठवते. अशा वेळी तुम्ही काय कराल?

प्रथम त्या वडीत असते काय ते पाहू. रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती कागदाला चिकटावी म्हणून डिंक, वडी कोरडी ठणठणीत होऊ नये म्हणून थोडे ग्लिसरीन, भर म्हणून खडूसारखी पांढरी पूड आणि बुरशी लागू नये म्हणून अगदी किंचित औषध. यातला डिंक बाभळीच्या कुळातला, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाचा जवळचा नातेवाईक. मुलांसाठी बनवलेल्या रंगांत हे सारे असे निवडलेले असते की घोट-दोन घोट पोटात गेले तरी बहुधा काही होत नाही. फार तर मळमळ, एखादी ओकारी. दुसऱ्या दिवशी शौचाला रंगीत झाली तर घाबरू नये.

पण रंगद्रव्यांत धातूही असतात ना? मग ती बाधत कशी नाहीत? याचे उत्तर एका शब्दात आहे: विद्राव्यता. तुमच्या प्रयोगशाळेत सल्फेट ओळखण्यासाठी बेरियम क्लोराइड वापरतात. पांढरा साका पडतो, तो बेरियम सल्फेटचा. हाच साका रंगांत भर म्हणून घालतात, आणि पोटाचा क्ष-किरण फोटो काढण्यापूर्वी डॉक्टर रोग्याला तो पाण्यात कालवून पाजतातही. बेरियम विषारी असूनही रोग्याला काही होत नाही, कारण बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळत नाही. ते आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते, रक्तात उतरत नाही. उलट बेरियम कार्बोनेट घ्या. तेही पांढरे, तेही पाण्यात न विरघळणारे. पण जठरातल्या आम्लाशी त्याची क्रिया होऊन बेरियम क्लोराइड तयार होते. ते विरघळते, रक्तात शिरते आणि स्नायूंवर व हृदयावर घाला घालते. म्हणून तर ते पूर्वी उंदीर मारण्यासाठी वापरीत. धातू एकच, पण एक संयुग औषधाच्या कपाटात आणि दुसरे विषाच्या!

फुलंब्रीवरून सिल्लोडकडे जाणारा रस्ता पुढे अजिंठ्याला जातो. तिथल्या भिंतींवरचे लाल-पिवळे रंग गेरू व पिवळ्या मातीचे, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. ही रंगद्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, पाण्यात नुसती तरंगत राहतात. चित्रे शतकानुशतके टिकली त्याचे एक कारण हेही आहे.

आता पुन्हा आपल्या ओसरीवर येऊ. धाकटा रडत असेल, बोलत असेल तर आनंदच, कारण श्वास चालू आहे. खरा तातडीचा धोका विषाचा नसून वडी घशात अडकण्याचा असतो. मुलाला खोकता-बोलता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. तेवढ्याने न भागल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच दाब द्या. वडी निघेपर्यंत हे आळीपाळीने करा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांक फिरवायला सांगा. (वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब देऊ नये. त्याला पाठीवर थापा आणि मग छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने दाब.) दिसत नसलेली वडी काढायला घशात बोट खुपसू नका, ती आणखी खाली जाते.

श्वास ठीक असेल तर तोंडातला उरलेला रंग ओल्या फडक्याने पुसा, चूळ भरायला लावा, दोन-चार घोट पाणी द्या. रंगाची पेटी व पेला जपून ठेवा. मग राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन करा. हे केंद्र १९९५ पासून नवी दिल्लीच्या एम्समध्ये आहे. क्रमांक १८०० ११६ ११७, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो. मुलाचे वय, अंदाजे वजन, काय गेले, किती, केव्हा, एवढे सांगा आणि पेटीवरचा मजकूर वाचून दाखवा.

आणि आजींचे मीठपाणी? ते मात्र मुळीच नको. मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम एकदम वाढते, मेंदूच्या पेशींतले पाणी ओढले जाते, झटके येतात. बिनविषारी रंगावर दिलेल्या अशा उताऱ्याने मूल दगावू शकते. आजींचाही दोष नाही. जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही ओकारी काढा असेच छापलेले असे. अमेरिकेत तर ओकारीचे औषध घरोघरी ठेवीत. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ साली ते घरी वापरू नका असे सांगितले.

हे सारे शाळेतल्या जलरंगांपुरते. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतो तो तैलरंग, त्यात घालायचे टर्पेंटाइन, रॉकेल ही निराळी जात. ती पातळ असल्याने ओकताना सहज श्वासनलिकेत घुसतात आणि फुप्फुसे सुजतात. अशा वेळी ओकारी काढू नये, थेट रुग्णालय गाठावे, मूल हसत असले तरीही. कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचेही तेच. मूल बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता कुशीवर वळवून न्यावे. जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे हाही जलरंग नव्हे. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतले शिसे दशलक्षात ९० भागांपर्यंतच असावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. भिंती त्याआधीच्या आहेत.

चित्रकलेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. कुंचल्याचे टोक ओठांनी काढणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. अमेरिकेत न्यू जर्सीत १९१७ पासून घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावणाऱ्या मुलींना असेच टोक काढायला शिकवीत. कित्येकींचे जबडे सडले, काही मेल्या. आपल्या पेटीत रेडियम नाही, पण मोठ्या चित्रकारांच्या काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतात. असे रंग मोठी मुले कधीकधी घरून आणतात. टोक काढायला पेल्याची कड पुरते.

एक सोपा प्रयोग करून पाहा. एका काचेच्या नळीत जलरंगाची चिमूटभर पूड आणि दुसरीत मिठाईचा खाण्याचा रंग घ्या. दोन्हींत पाणी घालून हलवा आणि रात्रभर उभ्या ठेवा. सकाळी एकीच्या तळाशी साका दिसेल, दुसरीत दिसणार नाही. असे का, ते आता तुम्हाला सांगता येईल. मात्र नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवा आणि धाकट्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.