टाचेचे दुखणे : स्वरूप, उपचार आणि काळजी

दिवाळी सरली की नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून दक्षिण गुजरातच्या वाटेला लागतात. सुरत जिल्ह्यातील कामरेज, बारडोली आदी तालुक्यांतील सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडण्याचे काम त्यांना तेथे मिळते. हा हंगामी प्रवास जुना आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोली भागातील खानदेशी ऊसतोड मजुरांच्या स्थितीवर १९७८ मध्येच विस्तृत लेखन केले होते.

ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ गणला जातो. एक तोडतो, दुसरा साळतो, मोळी बांधतो आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतो. मजुरी टनावर ठरते आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल त्यातूनच फेडावयाची असते. अशा वेळी जोडीतील एकाची टाच दुखू लागली, तर दुसऱ्याचे कामही अडते. म्हणूनच दुखणे अंगावर काढण्याकडे सर्वांचा कल असतो. वेळीच ओळखल्यास साध्या उपायांनी बरा होणारा हा विकार अशा दुर्लक्षामुळे महिनोन्‌महिने रेंगाळतो.

दुखण्याचे स्वरूप

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट, तंतुमय पट्टा असतो. धनुष्याला प्रत्यंचा असावी तसा हा पट्टा तळव्याची कमान तोलून धरतो. त्यावर सतत अवाजवी ताण पडला की टाचेजवळील त्याच्या मुळाशी सूक्ष्म इजा होतात. त्या भरून येण्यापूर्वीच पुन्हा ताण पडत राहिल्याने पट्टा जाड व दुखरा होतो. वैद्यकीय भाषेत यास ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात.

याची खूण स्पष्ट आहे. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य वाटते. चार पावले चालल्यावर दुखणे सैल पडते. बराच वेळ बसून उठल्यावर अथवा दिवसभराच्या श्रमानंतर ते पुन्हा डोके वर काढते. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूस दाबल्यास नेमकी कळ येते.

चाळीस ते साठ या वयात हा विकार अधिक आढळतो. वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या, सपाट तळवा किंवा फार उंच कमान, कठीण जमिनीवर अनवाणी वावर आणि तासन्‌तास उभे राहणे ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यामुळे मोळी वाहणाऱ्या मजुराप्रमाणेच सुरतेच्या यंत्रमागावर पाळी करणारा कामगार, फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक आणि फरशीवर अनवाणी राबणारी गृहिणी यांनाही तो गाठतो.

क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला काट्यासारखी वाढ दिसली की रुग्ण घाबरून जातो. वास्तविक असा काटा टाच मुळीच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळतो. त्यामुळे बहुधा तो काढण्याची गरज नसते.

घरी करावयाचे उपचार

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे ताणाचा व्यायाम. अंथरुणावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा. हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. तळव्यातील पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा अंक मोजेपर्यंत ताण धरावा व सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. त्यांपैकी पहिली खेप सकाळी जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वीच व्हावी. अमेरिकेत १०१ रुग्णांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर केवळ पोटरीच्या ताणापेक्षा या व्यायामाचा गुण अधिक दिसून आला.

याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून व टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणावी. दुखणे थोडे कमी झाल्यावर पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेले फडके ठेवून, टाच सावकाश उचलावी व सावकाश खाली आणावी. हा बळकटीचा व्यायाम एक दिवसाआड पुरे.

कामानंतर दहा-पंधरा मिनिटे कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे, अथवा गोठविलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवावी. पादत्राणाचा तळ टाचेकडे किंचित उंच व मऊ असावा. झिजून कागदासारखी झालेली चप्पल वापरू नये. बाजारात मिळणारी साधी मऊ टाचगादी बहुतेकांना पुरते. मापाच्या महागड्या तळपट्ट्या प्रारंभीच घेण्याची आवश्यकता नसते. शक्य असल्यास काही आठवडे जोडीने कामाची अदलाबदल करावी आणि ज्याची टाच दुखते त्याने मोळी वाहू नये.

टाचेवर बिब्बा घालणे किंवा डाग देणे कटाक्षाने टाळावे. त्याने भाजून जखम होते, पट्ट्याला मात्र काहीही लाभ होत नाही. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याचा प्रघातही मधुमेहींस धोक्याचा आहे. पाय बधिर असल्यास भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.

वैद्यकीय उपचार

घरगुती उपायांनी सहा आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांस दाखवावे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात, परंतु पित्त, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. रात्री पाऊल काटकोनात ठेवणारी पट्टी सकाळची कळ कमी करते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतल्यास टाचेची नैसर्गिक गादी झिजण्याचा व पट्टा तुटण्याचा धोका असतो. जुनाट दुखण्यात ध्वनितरंगांचे आघात देण्याची पद्धतही वापरतात. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते आणि अन्य उपाय सहा ते बारा महिने करून पाहिल्यावरच तिचा विचार करतात.

टाच सुजणे, ताप येणे, उंचावरून पडल्यानंतर पाय टेकता न येणे, विश्रांतीतही रात्रभर ठणकणे, बधिरपणा अथवा मुंग्या येणे, तसेच तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबर आखडणे या लक्षणांमागे वेगळे आजार असू शकतात. अशा वेळी, तसेच मधुमेहींच्या पायाला जखम झाल्यास, विलंब न करता तपासणी करून घ्यावी. कामरेज परिसरातील मजुरांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यास सुरतेचे नवे सिव्हिल रुग्णालय हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय जवळ पडते.

बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरे होतात. त्यासाठी धीर व नियमितपणा मात्र हवा. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांनी तोडणीच्या टोळ्या निघण्यापूर्वी हा व्यायाम एकदा करून दाखविला, तर पाच मिनिटांचे ते शिक्षण पडावावर हंगामभर कामी येईल. मुकादमांनीही ध्यानात ठेवावे की, आज चार दिवस हलके काम दिलेला मजूर हंगाम पुरा करतो, तर लंगडत राबविलेला मजूर अर्ध्यातच बसतो. ज्याचे पोट पायांवर चालते, त्याने कोयत्याला धार लावतो तितक्याच अगत्याने टाचेचीही निगा राखावी.