महेश्वरला जाशील तेव्हा

अगं, परवा फोनवर म्हणालीस की इंदूर-उज्जैन-ओंकारेश्वर ठरलंय आणि महेश्वर ‘वाटेत तासभर’ करणार. तेव्हाच बोलणार होते, पण घरात पाहुणे बसले होते. आता नीट ऐक. तो तासभराचा बेत मोड आणि महेश्वरला एक रात्र मुक्काम कर. हवं तर इंदूरची खरेदी कमी कर.

सगळे थेट घाटावर जातात, नावेत बसतात, फोटो काढतात आणि निघतात. तू आधी वर किल्ल्यात जा. गाडी वरपर्यंत जाते, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी नको. तिथे अहिल्याबाई होळकरांचा राजवाडा आहे. मुलांना आधीच सांगून ठेव, की झुंबरं, आरसेमहाल असलं काही दिसणार नाही. लाकडी खांबांचा साधा वाडा आहे, आपल्या वाई-साताऱ्याकडे असतात तसा. ओसरीवर त्यांची गादी मांडलीय. पांढरी बैठक, मागे लोड, बस्स. महेश्वर राजधानी करून १७६७ ते १७९५ त्यांनी होळकरांचं राज्य चालवलं.

त्या गादीसमोर जरा थांब गं. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले. ज्यांनी हाताला धरून कारभार शिकवला ते सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, पाठोपाठ एकुलता एक मुलगा मालेराव. पुढे लेक मुक्ताबाई सती गेली, तेही या माउलीला पाहावं लागलं. आणि याच बाईनं काशी विश्वनाथाचं देऊळ उभं केलं, सोमनाथाला नवं मंदिर बांधलं, आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. हा दानधर्म त्या आपल्या खासगीतून करत, दौलतीच्या पैशाला हात लावत नसत. तू आता घरचं दुकान सांभाळतेस, म्हणून हे तुला मुद्दाम सांगतेय. स्वतःसाठी एवढीशी जागा ठेवून बाईनं देशभर केवढं बांधलं, ते त्या वाड्यात उभं राहिल्यावरच कळतं.

सकाळी लवकर गेलीस तर लिंगार्चन बघायला मिळेल. ब्राह्मण पाटावर मातीची चिमुकली शिवलिंगं ओळीनं मांडतात, हजारोंनी. बोटाच्या पेराएवढं एकेक. पूजा होते आणि सगळी नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या वेळची प्रथा आहे ही. त्या वेळी फोन पर्समध्येच असू दे.

मग पायऱ्या उतरून खाली ये. वाटेत अहिल्येश्वराचं देऊळ लागतं. अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाईंनी ते बांधवलं. समोर यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकरांची छत्री. दुसऱ्या बाजीरावानं १८०१ मध्ये पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि छत्रीच्या जोत्यावर दगडात हत्तींची रांग कोरलीय. ती बघून मला बराच वेळ बोलवेना. राजराजेश्वराच्या देवळात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात, तिथे सासूबाईंना नक्की ने. नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथवर संध्याकाळी नाव कर. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, मुलांचा हात सोडू नकोस.

आता साडीचं. घाटाच्या भिंतींवरचं कोरीवकाम आधी डोळे भरून बघ, मगच दुकानात शिर. लाटा, चटई, विटा, फुलं, सगळे नमुने महेश्वरीच्या काठावर उतरलेले दिसतील. जुन्या पद्धतीची साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते, तेव्हा काठ उलटून बघ. किल्ल्यातच रेहवा संस्था आहे, रिचर्ड आणि सॅली होळकरांनी १९७९ मध्ये सुरू केलेली. तिथे बायका मागावर बसलेल्या दिसतात. थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ देत, पण हातमागाचीच घे. मागावर एक काठ उमटायला किती वेळ लागतो हे एकदा पाहिलंस, की घासाघीस करावीशी वाटणारच नाही तुला.

उन्हाळ्यात मात्र जाऊ नकोस, दगड नुसता भाजून काढतो. दिवाळीनंतरची तारीख धर. आणि निघण्याआधी लेकीला एवढं सांग, की या अहिल्याबाई आपल्या नगरकडच्या, चोंडी गावच्या.