पहिल्या रिपोर्टवर थांबू नका

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर उपचार सुरू होताना रक्त तपासतात, हिमोग्लोबिन १०च्या वर निघालं की घरची माणसं निश्चिंत होतात, आणि मग सगळं लक्ष रेडिएशनच्या खेपांकडे लागतं. मला हीच चूक सर्वांत महागाची वाटते. १९९९ साली कॅनडातल्या सात केंद्रांमधल्या ६०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण वाचण्याशी घट्ट नातं दिसलं ते उपचार चालू असतानाच्या आठवड्यागणिक हिमोग्लोबिनचं. सुरुवातीच्या आकड्याचं तेवढं नाही. रेडिएशनने पेशीत केलेली मोडतोड ऑक्सिजन असला तरच पक्की होते, नसला तर गाठीतली पेशी पुष्कळदा स्वतःला सावरून घेते. इकडे अंगावरून जाणं चालूच असतं आणि दर आठवड्याच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने नवं रक्त तयार होणं मंदावतं. आपल्याकडे तर मुळात गाठीशी शिल्लक कमी: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

कुणी म्हणेल, मोठ्या गाठीतून रक्त जास्त जातं, तेव्हा कमी हिमोग्लोबिन ही फक्त बळावलेल्या रोगाची खूण आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. रक्त चढवल्याने आयुष्य वाढतं, हे काटेकोर तुलनात्मक चाचणीतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून बाटल्यांमागून बाटल्या चढवून १२ गाठण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण रक्त घसरलं की बाई गळून जाते, खेपा चुकतात, आणि सगळे उपचार आठ आठवड्यांत आटोपले नाहीत तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. रक्तवाढीच्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनांचा मार्गही सोपा नाही. याच रोगातली त्यांची एक चाचणी रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने मध्येच थांबवावी लागली. बीट, खजूर, गूळ जरूर द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. शरीरात दाह असला की हेपसिडिन नावाचं संप्रेरक आतड्यातून लोह आत घेऊच देत नाही. म्हणून डॉक्टर कधी शिरेतून लोह देतात, आणि त्याचाही गुण यायला काही आठवडे जातात. ते उशिरा सुचून उपयोग नाही.

तेव्हा दर आठवड्याचा आकडा तारखेसह फाइलवर लिहा. तो १०कडे उतरू लागला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्तपेढीत रुग्णाच्या रक्तगटाची चौकशी आधीच करून ठेवा, आणि रक्त चढवायच्या दिवशीही रेडिएशन घेता येईल का, हे विचारल्याशिवाय खेप चुकवू नका.